घाटासाठी ई-बाईक घेताय? बेल्ट ड्राइव्ह आणि मिड-ड्राइव्हमधला फरक आधी समजून घ्या

इगतपुरी : समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि कारवाल्यांचा कसारा घाट सुटला. दुचाकीस्वारांचा मात्र सुटलेला नाही. समृद्धीवर दुचाकींना परवानगीच नाही. त्यामुळे इगतपुरीहून कसाऱ्याला दुचाकीने जायचे तर आजही जुन्या मुंबई-आग्रा महामार्गाने घाट उतरावा लागतो आणि येताना तोच चढावा लागतो.

पेट्रोलचा खर्च वाचवण्यासाठी अनेक जण आता ई-सायकल किंवा ई-स्कूटरचा विचार करतात. दुकानात गेल्यावर दोन शब्द हमखास कानावर पडतात : ‘बेल्ट ड्राइव्ह’ आणि ‘मिड-ड्राइव्ह’. यातले चांगले कोणते, हा पुढचा प्रश्न. पण सपाट शहरात उत्तम चालणारी गाडी घाटात दम टाकू शकते आणि तोवर पैसे खर्च झालेले असतात. म्हणून हे प्रकरण नेमके काय आहे, ते पाहू.

बेल्ट की मिड-ड्राइव्ह, हा प्रश्नच चुकीचा का?

कारण हे दोन एकमेकांचे पर्याय नाहीत. मिड-ड्राइव्ह म्हणजे मोटर कुठे बसवली आहे, ते. बेल्ट म्हणजे ताकद मागच्या चाकापर्यंत कशी पोहोचते, ते. एकाच गाडीत दोन्ही असू शकतात.

खऱ्या तुलना दोन आहेत. पहिली, मोटर चाकाच्या हबमध्ये की पेडलजवळ मध्यभागी? दुसरी, चाक फिरवायला चेन की बेल्ट? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चढावर कळते, दुसऱ्याचे पावसाळ्यात. इगतपुरीत चढही आहे आणि वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊसही.

स्कूटरमध्ये काय असते?

भारतातल्या ओळखीच्या गाड्या पाहिल्या तरी हे स्पष्ट होते. एथरच्या ४५० मालिकेत मोटरची ताकद बेल्टने चाकाला जाते. टीव्हीएस आयक्यूबमध्ये मोटर थेट मागच्या चाकाच्या हबमध्ये आहे, म्हणजे बेल्टही नाही आणि चेनही नाही. पुण्याच्या बजाजची चेतक गिअरच्या साह्याने चाक फिरवते. रिव्होल्टच्या आरव्ही ४०० या मोटरसायकलमध्ये ३ किलोवॉटची मिड-ड्राइव्ह मोटर आणि बेल्ट, दोन्ही एकत्र आहेत. ओलाने जानेवारी २०२५ मध्ये तिसऱ्या पिढीची स्कूटर आणली, तेव्हा मिड-ड्राइव्ह मोटरला बेल्टऐवजी चेन जोडली.

थोडक्यात, मोठ्या कंपन्यांचेही यावर एकमत नाही. स्कूटरमध्ये मोटर काही किलोवॉटची असल्याने घाट चढण्याची ताकद बहुतेकींत असते. तिथे फरक पडतो तो आवाज, देखभाल आणि सुट्या भागांचा. ई-सायकलचे तसे नाही. तिथे मोटर जेमतेम २५० वॉटची असते आणि ती कुठे बसवली आहे यावरच चढ जमणार की नाही ते ठरते.

घाट चढायला किती ताकद लागते?

साधा हिशेब करू. चालवणारा ७० किलो, ई-सायकल २५ किलो आणि पाठीवरची पिशवी ५ किलो. एकूण १०० किलो. रस्त्याचा चढ ६ टक्के धरू, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ६ मीटर वर. एवढ्या चढावर गुरुत्वाकर्षण आणि टायरचे घर्षण मिळून सुमारे ७० न्यूटन बल मागे खेचते.

ताशी १२ किलोमीटरने चढायचे तर सुमारे २३० वॉट लागतात. ताशी २० ने चढायचे तर जवळपास ३९० वॉट, हवेचा विरोध वेगळा. व्यायामाची सवय नसलेला माणूस पायांनी सलग ७५ ते १०० वॉट देऊ शकतो. कागदावर २५० वॉटची मोटर आणि आपले पाय मिळून ताशी १२ सहज जमायला हवे. प्रत्यक्षात ते मोटरच्या जागेवर अवलंबून असते.

हब मोटर चाकाबरोबर फिरते. ती ताशी २५ किलोमीटरच्या हिशेबाने बनवलेली असते. चढावर वेग १२ वर आला की मोटरही निम्म्या गतीने फिरते. तेवढ्याच करंटमध्ये तिच्याकडून मिळणारी ताकद साधारण निम्म्यावर, १२५ वॉटच्या आसपास येते. उष्णता मात्र तेवढीच तयार होते. उरलेले शंभरेक वॉट पायांना द्यावे लागतात. वेग आणखी घटला की मोटर आणखी कमी देते. चढ लांबला तर मोटर तापते आणि बऱ्याच गाड्यांमध्ये कंट्रोलर स्वतःहून ताकद कमी करतो. घाटात ई-सायकल ‘बसते’ ती अशी.

मिड-ड्राइव्ह मोटर पेडलच्या क्रँकला जोर देते आणि तो जोर गिअरमधून चाकाकडे जातो. आपण खालचा गिअर टाकला की चाक हळू फिरते, पण मोटर आपल्या सोयीच्या गतीनेच फिरत राहते. कार किंवा मोटरसायकल घाटात दुसऱ्या गिअरमध्ये टाकतो, तोच प्रकार. हा विचार नवा नाही. यामाहाने १९९३ मध्ये जपानमध्ये आणलेल्या पास या विजेच्या सायकलमध्येही मोटर क्रँकपाशीच होती.

इगतपुरीकरांना हे नवे का नाही?

कसारा ते इगतपुरी हा रेल्वेचा घाट १८६५ मध्ये सुरू झाला. त्यात सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे सुमारे २.७ टक्के आहे. तेवढ्यासाठीही कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात आणि इगतपुरीला सुटतात. सपाटीवर जे इंजिन पुरते ते घाटात पुरत नाही, हे या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. ई-सायकलची मोटर म्हणजे आपल्या पायांना लावलेला बँकरच. फक्त तो नेमका घाटात कामाला यायला हवा.

बॅटरीचे काय?

कसारा ते इगतपुरी उंचीतला फरक सुमारे ३०० मीटरचा आहे. १०० किलो वजन तेवढे वर न्यायला सुमारे ८२ वॉट-तास ऊर्जा लागते. १५ किलोमीटर अंतरातले टायरचे घर्षण आणि मोटरमधली २० टक्के घट धरली, तर सगळे काम मोटरनेच केल्यास सुमारे १५५ वॉट-तास होतात. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॉट-तास असतात. म्हणजे एका चढाईत ४० टक्क्यांहून जास्त बॅटरी संपते. जाहिरातीतला ‘एका चार्जमध्ये इतके किलोमीटर’ हा आकडा सपाट रस्त्याचा असतो, हे विसरू नये.

मग बेल्टचा फायदा कशात?

देखभालीत. बेल्ट रबरासारख्या पॉलिमरचा असून आत कार्बन फायबरचे धागे असतात. तो गंजत नाही, त्याला तेल लागत नाही, पँटला काळे डाग पडत नाहीत आणि आवाजही कमी. हार्ले-डेव्हिडसनसारखी कंपनी १९८० च्या दशकापासून मोटरसायकलला बेल्ट वापरते. इगतपुरीच्या पावसाळ्यात चेनचे तेल एका फेरीत धुऊन जाते आणि चिखलाने ती लवकर झिजते. शिवाय मिड-ड्राइव्हमध्ये पायांचा आणि मोटरचा, असा दोघांचा जोर चेनवरच येतो. त्यामुळे तिथे चेन आणखी लवकर बदलावी लागते. हब मोटरमध्ये चेनवर फक्त पायांचा जोर असतो.

पण बेल्टच्या अडचणीही आहेत. चेनसारखी कडी काढून तो जोडता येत नाही. त्यासाठी फ्रेम मागच्या बाजूला उघडणारी असावी लागते. तुटला तर नेमक्या मापाचा नवाच लागतो. चेन घोटीतला सायकलवालाही जोडून देईल. बेल्ट मात्र मागवावा लागेल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बेल्ट नेहमीच्या उघड्या गिअरवर चालत नाही. त्याला चाकाच्या हबमधले बंद गिअर किंवा गिअरबॉक्स लागतो आणि हे दोन्ही महाग असतात. म्हणून स्वस्त बेल्ट ई-सायकल बहुधा एकाच गिअरची आणि हब मोटरची असते. मुंबई-नाशिकच्या सपाट रस्त्यांवर ती छान. घाटात मोटर मंदावते आणि पायांनाही खालचा गिअर मिळत नाही.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची क्षमता २५० वॉटच्या आत, वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर अशी गाडी ‘मोटार वाहन’ ठरत नाही. तिला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही.

घाटात ताकद कमी पडते म्हणून मोठी मोटर बसवून घेण्याचा किंवा वेगमर्यादा ‘अनलॉक’ करण्याचा मोह होतो. तसे केल्यास गाडी या सवलतीतून बाहेर जाते. नोंदणी नाही, विमा नाही, अशा गाडीने ट्रक-ट्रेलरच्या घाटात अपघात झाला, तर नुकसानीचा भार चालवणाऱ्यावर पडू शकतो.

मग कोणती घ्यावी?

* गावातल्या गावात फिरायचे : स्टेशन, बाजार, शाळा एवढेच असेल तर हब मोटरची साधी ई-सायकल पुरते. ती साधारण तीस-चाळीस हजारांपासून मिळते.

* रोज चढ-उतार, भावली किंवा कसाऱ्याच्या बाजूला : आधी गिअर पाहा, मग मोटर. मिड-ड्राइव्ह उत्तम, पण ती साधारण लाखाच्या पुढे जाते. बजेट नसेल तर किमान सात गिअरची हब मोटर घ्या.

* मिड-ड्राइव्ह आणि बेल्ट दोन्ही : चढ आणि पाऊस दोन्हींना चांगली जोडी, पण सर्वांत महाग. जादा बेल्ट कुठे आणि किती दिवसांत मिळेल, हे लेखी विचारा.

* रोज घाटातून कामावर जाणे : त्याच पैशांत नोंदणी असलेली ई-स्कूटर जास्त सोयीची ठरू शकते. तिचे सर्व्हिस सेंटर नाशिकला आहे की जवळ, ते आधी पाहा.

उतारासाठी दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेतच. उतरताना बॅटरी चार्ज होईल, या भरवशावर राहू नका. बहुतेक मिड-ड्राइव्ह आणि गिअर असलेल्या हब मोटरमध्ये ती सोय नसते.

आणि शेवटचे : टेस्ट राइड दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. जवळचा एखादा लांब चढ निवडा, पाठीवर रोजची पिशवी घ्या आणि दहा मिनिटे सलग चढून पाहा. शेवटच्या दोन मिनिटांतही मोटर तेवढाच जोर देत असेल, तरच घाटासाठी पुढचा व्यवहार करा.