विस्मरणाचा अदृश्य कर

वेळेवर जेवणे, ठरल्या वेळी अंथरुणाला पाठ टेकणे, डॉक्टरांनी दिलेली गोळी न चुकता घेणे, विजेचे बिल मुदतीत भरणे या गोष्टी कोणत्याही सुजाण माणसाने आपसूक कराव्यात, अशी समाजाची सर्वसाधारण धारणा आहे. ज्यांच्याकडून ही कामे बिनबोभाट होतात त्यांना त्यांचे मोल जाणवत नाही. ज्यांच्याकडून ती होत नाहीत त्यांना आळशी, वेंधळा, बेफिकीर यांपैकी एखादे विशेषण बहाल करून समाज मोकळा होतो. शाळकरी वयात हे विशेषण खपून जाते. चाळिशीतल्या गृहस्थाला ते चिकटले की त्याच्या चारित्र्यावरचा डाग ठरते. परंतु अशा माणसांपैकी काहींच्या बाबतीत दोष वृत्तीचा नसून मेंदूच्या जडणघडणीचा असतो, आणि तो उपदेशाने जात नाही, ही गोष्ट आता वैद्यकशास्त्राने निर्विवाद मानली आहे.

एडीएचडी या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या अवस्थेला मराठीत अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणता येईल. ती आजकालची नव्हे. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ मध्ये अवधानाच्या अस्थिरतेचे वर्णन केले होते. १९०२ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली; त्यांना मात्र त्यात नैतिक नियंत्रणाचा अभाव दिसला. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० साली अवधानाच्या न्यूनतेला स्वतंत्र नाव मिळाले, १९८७ साली आजचे नाव आले, आणि २०१३ च्या आवृत्तीत सतरा वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली गेली. म्हणजेच १९८५ च्या सुमारास ज्याने आपल्याकडील शाळेची पायरी चढली, त्याला तेथे हे निदान मिळण्याचा संभव जवळजवळ नव्हता. त्याला मिळाल्या त्या छड्या, आणि प्रगतिपुस्तकावरचा शेरा: 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' दर शंभर प्रौढांत अशी दोन-तीन माणसे असावीत असा सर्वसाधारण अंदाज आहे. अनुवंशाचा वाटाही मोठा असतो. मुलाचे निदान होताना बापाला स्वतःची ओळख पटावी, असे त्यामुळेच घडते.

नावावरून वाटते तसा हा अवधानाचा निव्वळ दुष्काळ नाही. उणीव आहे ती अवधानाच्या नियमनात. आवडीचे काम हाती आले की असा माणूस तासन्‌तास त्यात बुडून जातो. मराठीत 'तहानभूक हरपणे' हा गौरवाचा वाक्प्रचार आहे. येथे ती खरोखरच हरपते आणि तिची भरपाई शरीराला करावी लागते. उलट ज्या कामात रस नाही आणि ज्याचे फळ दूर आहे, ते काम महत्त्वाचे आहे हे पक्के ठाऊक असूनही त्याचा आरंभच होत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर उद्याच्या रुपयाची आजची किंमत प्रत्येक जण काहीशी कमीच धरतो. या व्यक्तींच्या बाबतीत ती फारच खाली येते. आणि स्वतःची निगा म्हणजे काय? आज थोडे कंटाळवाणे श्रम करून दूरच्या उद्यासाठी केलेली गुंतवणूकच ती. म्हणूनच त्यांचे सर्वांत मोठे हाल या किरकोळ वाटणाऱ्या कामांत होतात.

या हालांचा हिशेब मांडला तर तो एक करच ठरतो. एखादा कारकून घ्या. कामात तो हुशार आहे, अडलेली फाईल तोच सोडवतो. पण रात्री झोप उशिरा लागते, सकाळी किल्ली सापडत नाही, नाश्ता राहतो आणि हजेरीपटावर उशिराचा शेरा पडतो. अनेक कार्यालयांत असे तीन शेरे झाले की एक किरकोळ रजा जाते. प्राप्तिकराचे विवरणपत्र मुदतीत भरायचे राहिले की पाच हजार रुपयांपर्यंत विलंबशुल्क. क्रेडिट कार्डाची थकबाकी विसरली की वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज. हरवलेली छत्री, पुन्हा घेतलेला पास, दुखेपर्यंत न दाखवलेला दात हे सारे वेगळेच. हा कर कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, त्याला उत्पन्नाची किमान मर्यादा नाही, आणि ज्याची मिळकत लहान त्याच्यावर तो जबर बसतो. त्यावर अधिभार असतो तो शरमेचा. वर्षानुवर्षे 'तुला जमत कसे नाही?' हा प्रश्न ऐकलेला माणूस अखेर तोच प्रश्न स्वतःला विचारू लागतो. उदासीनता आणि चिंता या विकारांनी त्याला ग्रासण्याचा धोका इतरांहून अधिक असतो.

यावर 'मनाचा निर्धार हवा' हे उत्तर दिले जाते. पण जेथे निर्धार अपुरा पडतो असे अनुभवास येते, तेथे समाजाने निर्धाराची वाट पाहिलेली नाही, हे नोकरवर्गाला तरी सांगायला नको. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ सालचा. म्हातारपणासाठी दरमहा बचत करावी हे प्रत्येकाला कळते. तरीही ती रक्कम पगार हाती पडण्यापूर्वीच कापून घेतली जाते. त्यावरून कोणी कामगाराला दुर्बल मनाचा म्हणत नाही. बचतीच्या बाबतीत जे तत्त्व सर्वांसाठी शहाणपणाचे ठरले, ते जेवण, झोप आणि औषध यांच्या बाबतीत काही जणांना लागू केले तर त्यात कमीपणा कोणता?

तेव्हा अशा व्यक्तीची दिनचर्या स्मरणशक्तीवर न सोडता बाहेरच्या आधारांवर उभी करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. किल्ली, चष्मा आणि पाकीट यांची दाराजवळ एकच जागा असावी. गोळीचे पाकीट चहाच्या डब्याशेजारी असावे, म्हणजे चहाबरोबर ते दृष्टीस पडते. बिले बँकेतून परस्पर जावीत. जेवणाच्या आणि निजण्याच्या वेळेला गजर असावा. मोठे काम 'अहवाल लिहिणे' असे न नोंदवता 'पहिले पान काढणे' असे नोंदवावे. कंटाळवाणे काम कोणाच्या तरी सोबतीने बसून करावे. नुसती सोबतही आरंभाला पुरते. रोजचे चालणे आणि झोपेची ठरलेली वेळ यांनी पुष्कळ हातभार लागतो. एखाद्या दिवशी घडी विस्कटली, तर सोमवारची किंवा पहिल्या तारखेची वाट न पाहता पुढच्या जेवणापासून ती पुन्हा बसवावी. यांत विलायती काहीच नाही. पदराला गाठ मारून काम लक्षात ठेवणाऱ्या आजीला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचे खाडे मांडणाऱ्या गृहिणीला हे शास्त्र अवगत होतेच.

येथे एका अन्यायाची नोंद केली पाहिजे. आपल्या घरांत पुरुषाचा हा बाह्य आधार बहुधा आई किंवा पत्नी असते. रुमाल, डबा, गोळी आणि विम्याच्या हप्त्याची तारीख तीच सांभाळते; त्यामुळे त्याचा दोष झाकला जातो आणि तिच्या श्रमाची गणना होत नाही. हीच अवस्था स्त्रीच्या वाट्याला आली तर? मुलींमध्ये चंचलपणा अनेकदा कमी दिसतो, म्हणून निदान सुटते. आणि सगळ्यांचे लक्षात ठेवणे हेच जिचे कर्तव्य मानले आहे, तिच्यासाठी लक्षात ठेवणारे कोणी नसते. उतू गेलेल्या दुधावरून तिच्या माहेराचा उद्धार होतो, एवढेच.

आक्षेप असा येतो की, विसरतात तर सगळेच, आणि मोबाईलच्या काळात लक्ष कोणाचे स्थिर आहे? आक्षेप रास्त आहे, म्हणूनच निदानाचे निकष कडक आहेत. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वीपासून असावी लागतात, एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांमुळे जगण्यात खरा अडथळा यावा लागतो. अपुरी झोप, थायरॉईडचा विकार, नैराश्य यांतूनही अशीच लक्षणे उद्भवतात. मोबाईलवरील चित्रफीत पाहून स्वतःवर शिक्का मारून घेणे त्यामुळे चूक. तो मानसोपचारतज्ज्ञाचा अधिकार आहे. औषधांनी अनेकांना निश्चित लाभ होतो. त्यांतले प्रमुख औषध, मिथाइलफेनिडेट, १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने नियंत्रित असल्याने ते तज्ज्ञाच्या चिठ्ठीखेरीज घेण्याचा विचारही करू नये. कोठे जावे हे न सुचणाऱ्यांसाठी २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे.

राहिला प्रश्न व्यवस्थेचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता आहेत. ही अवस्था स्वतंत्रपणे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजाराच्या बरोबरीचे स्थान दिले, तरी कचेरी आणि महाविद्यालय यांच्या दारापर्यंत ती जाणीव पोहोचलेली नाही. वास्तविक कायद्याची वाट न पाहताही पुष्कळ करता येते. तोंडी सूचना लेखी द्यावी, मोठ्या कामाला मधल्या तारखा ठरवून द्याव्यात, वर्दळीपासून दूरचे टेबल द्यावे, विद्यार्थ्याच्या राहिलेल्या वहीमागचे कारण शेरा मारण्यापूर्वी विचारावे. यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. १९५२ साली कायदा करणाऱ्यांनी कामगाराला काटकसरीवर व्याख्यान दिले नाही. पगारपत्रकात एक रकाना वाढवला आणि लाखो म्हातारपणे सावरली. विस्मरणाचा कर भरून थकलेल्यांनाही हवा आहे तो असाच एखादा रकाना. व्याख्याने त्यांनी पुरेशी ऐकली आहेत.