शोभेचा सागरी मासा : आधी वैरणीची तजवीज, मग जनावर

घरात काचेची पेटी मांडून तीत रंगीत मासे पाळण्याची हौस आता शहरापुरती राहिलेली नाही. इस्लापूर, किनवट, हिमायतनगर या बाजूच्या सुस्थितीतील शेतकरी कुटुंबांतही ती शिरू लागली आहे. आणि पुण्या-हैदराबादेस शिकावयास गेलेली मुले गोड्या पाण्यातील माशांवर समाधान न मानता समुद्राचे मासे व प्रवाळ यांची पेटी मांडण्याच्या गोष्टी बोलतात. या हौसेस आमचा विरोध नाही. ज्याच्या गोठ्यात जनावरे सुखी आहेत, त्याने ओसरीवर चार मासे पाळले तर बिघडले कोठे? परंतु प्राणी पाळणे ही शेतकऱ्याची पिढीजात विद्या आहे, आणि दावणीला जनावर बांधण्यापूर्वी त्याच्या वैरणीचा विचार करावा, हा त्या विद्येचा पहिला नियम आहे. पेटीतल्या माशास हा नियम लागू नाही असे समजून जे व्यवहार होतात, त्यांविषयी वाचकांपुढे आमचे मत स्पष्टपणे मांडणे अवश्य वाटते.

उदाहरणादाखल मँडरिन या माशाचे घेऊ. शोभेच्या सागरी माशांत याच्या तोडीचा देखणा मासा क्वचितच सापडेल. लांबी अवघी दोन-तीन इंच. अंगावर निळ्या, नारिंगी व हिरव्या रंगांची नागमोडी नक्षी, जणू पैठणीचा पदर. बहुतेक माशांची निळाई ही केवळ प्रकाशाच्या परावर्तनाची करामत असते. या माशाच्या कातडीत मात्र खरोखरीचा निळा रंग धारण करणाऱ्या पेशी आहेत. अंगावर खवले नाहीत. त्यांऐवजी जाड, कडवट व दुर्गंधी बुळबुळीचे आवरण असते आणि तेच याचे चिलखत. हा आपल्या समुद्राचा रहिवासी नव्हे. जपानच्या दक्षिणेकडील बेटांपासून फिलिपिन्स, इंडोनेशियावरून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उथळ प्रवाळी पाण्यात तो राहतो. आल्बर्ट हेर या मत्स्यशास्त्रज्ञाने १९२७ साली फिलिपिन्समधील नमुन्यावरून त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

आता याच्या वैरणीचा विचार करू. हा मासा एकदा पोटभर खाऊन स्वस्थ बसणारा नव्हे. दगडांच्या सांदीकोपऱ्यांतून तो दिवसभर हळूहळू फिरतो आणि लहानशा तोंडाने सूक्ष्म कवचधारी जीव एकेक करून टिपतो. या जीवांच्या वर्गास कोपेपॉड म्हणतात. नाव परके असले तरी हे कूळ आपल्यास अगदीच अपरिचित नाही. ज्या सायक्लोप्स नावाच्या जीवामार्फत बारवांच्या व पायऱ्यांच्या विहिरींच्या पाण्यातून नारूचा रोग माणसास होत असे, आणि जो गाळून टाकण्यासाठी फडक्याने पाणी गाळून पिण्याचा उपदेश गावोगावी झाला, तो याच वर्गातला. नारू देशातून गेला आणि २००० साली तसे जाहीरही झाले. वडीलधाऱ्या मंडळींस मात्र त्या फडक्याची आठवण असेल. असल्याच समुद्री जीवांवर मँडरिन माशाचा सारा उदरनिर्वाह चालतो.

समुद्रातून पकडलेला मासा नव्या पेटीत सोडला म्हणजे काय होते, हे यावरून उघड आहे. पेटीतल्या दगडांवर जे थोडे जीव असतात, ते तो काही दिवसांत फस्त करतो. लहानशा गायरानात दांडगे खिल्लार सोडावे, तशी गत होते. मालक वरून सुके दाणे टाकतो. पण रानातून आलेल्या माशास ते अन्न आहे हेच बहुधा उमगत नाही. पोट खपाटीस जाते, पाठीचा कणा दिसू लागतो, आणि काही आठवड्यांनी मासा मरून पडतो. मालक म्हणतो, काही रोग झाला असेल. तो रोग नव्हे, ती उपासमार होय. दिवाणखान्यात सर्वांच्या डोळ्यांदेखत एक प्राणी भुकेने झिजत जावा आणि पाहुण्यांनी त्याच्या रंगाची तारीफ करीत राहावे, ही गोष्ट पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या घरास शोभणारी नाही.

यावर एक मार्ग निघाला आहे, आणि आमच्या मते तोच एक योग्य मार्ग होय. तो म्हणजे हौदात पैदा केलेला मासा. या जातीची नर-मादी संध्याकाळच्या सुमारास अंगास अंग लावून पाण्यात वर चढतात व अंडी सोडून देतात. पुढे त्यांकडे पाहत नाहीत. अंड्यांतून निघणारी पिले इतकी बारीक असतात की, त्यांच्या तोंडात मावेल असे जिवंत खाद्य अगोदर वाढवून तयार ठेवावे लागते. हे कष्टाचे काम साधून अमेरिकेतील फ्लोरिडा येथील एका मत्स्यपैदास संस्थेने २०१० साली पैदाशीचे मँडरिन मासे विक्रीस आणले. अशा पिलांस लहानपणापासून गोठविलेल्या व सुक्या खाद्याची सवय लावता येते. नव्या घरी आल्यावर पुढे टाकलेले अन्न ती ओळखतात. आणि रानच्या माशात व यांच्यात जीवन-मरणाचा जो फरक पडतो, तो यामुळेच.

हा फरक शेतकऱ्यास नवा नाही. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज एके काळी पुराच्या दिवसांत नद्यांतून गोळा करीत. त्यात कोणत्या जातीचे किती बीज आले याचा भरवसा नसे, आणि तळ्यास नको ते मासेही त्यातून येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी यांनी मस्तिष्कग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन या माशांची हुकमी पैदास साधली, आणि मत्स्यशेतीची घडीच बदलली. आज आपण शेततळ्यात बोटुकली सोडतो ती पैदास केंद्रातून आणून. सहस्रकुंडाच्या डोहात जाळे टाकून नव्हे. पोटाच्या माशास जो न्याय आपण लावला, तो शोभेच्या माशास का लावू नये?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, पैदाशीचा मासा महाग पडतो. हे बहुधा खरे आहे. परंतु एक महाग मासा पाच वर्षे जगला आणि चार स्वस्त मासे एका वर्षात मेले, तर स्वस्त कोणता पडला, हा हिशेब जमाखर्च ठेवणाऱ्या माणसास सांगावा लागू नये. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मासे पकडणाऱ्या गरीब कोळ्यांचे पोट त्यावर चालते. गिऱ्हाईक फिरले तर त्यांनी काय करावे? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. तथापि फिलिपिन्समध्ये बारीक सुईसारख्या भाल्याने हे मासे टिपतात. गिऱ्हाइकास मोठा, लांब तुऱ्याचा नर हवा असतो, म्हणून तेच नर आधी उचलले जातात. उत्तम वळू विकून खालचे ठेवणाऱ्या कळपाचे पुढे काय होते, हे आपण जाणतो. त्याच समुद्रात इतर शोभेचे मासे गुंगविण्यासाठी सायनाइड विषाचाही वापर झालेला आहे, आणि त्याने प्रवाळही मरते. असा धंदा कोळ्याच्या नातवास पुरणार नाही. त्याला पकडण्याऐवजी पैदाशीचे काम शिकविणे, हेच खरे उत्तर होय.

असे होऊ शकते याचा दाखला आपल्याच देशात आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम व विझिंजम येथील केंद्रांत विदूषक माशांच्या अनेक जातींची पैदास साधली आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या मार्गदर्शनाखाली स्थानिक स्त्रिया असले मासे व शोभेच्या कोळंब्या वाढवितात. आपल्या राज्यातही ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठानाने या कामास हात घातला आहे. सबब ज्यास सागरी पेटीची हौस आहे, त्याने आरंभ देशी पैदाशीच्या विदूषक माशापासून करावा. तो दाणा आनंदाने खातो. मँडरिन हवाच असेल, तर पैदाशीचा मिळेपर्यंत थांबावे. प्रवाळाविषयी तर अधिकच जपावे. दगडी प्रवाळास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ सालापासून वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे, आणि आपल्या समुद्रातील प्रवाळ काढणे वा विकणे हा गुन्हा होय.

मासा पैदाशीचा आहे म्हणून निष्काळजी राहून मात्र चालणार नाही. त्यालाही दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे खाणे लागते, आणि पेटी किमान सहा महिने मुरलेली असावी लागते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे अडीचशे लिटरच्या पेटीस पावणेनऊ किलो मिश्रण लागेल, आणि ते स्वयंपाकाचे मीठ नव्हे. वाफेने कमी झालेले पाणी भरताना गोडेच भरावे, कारण पाणी उडते पण क्षार मागे राहतात. खारवट विहिरीच्या पाण्याने जमीन खारावते, तोच हा हिशेब. पाण्याची उष्णता पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास राखावी लागते. आपला वैशाख चाळिशीच्या वर जातो आणि वीज तर आपल्या मर्जीची नाही. पाणी थंड ठेवण्याचे यंत्र व वीज गेल्यावर ते चालविण्याची सोय ज्यास परवडत नाही, त्याने गोड्या पाण्यातील गप्पी, मोली यांवर प्रसन्न राहावे. त्यात कमीपणा नाही.

उताऱ्यावाचून आपण जमीन घेत नाही आणि पावतीवाचून बाजारातून बैल आणीत नाही. माशाच्या दुकानीही तीनच प्रश्न विचारावे : हा कोठे जन्मला? हा काय खातो? आणि आमच्यादेखत खाऊन दाखवील काय? तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाली तरच पैसे मोजावे. संघाच्या सभासदांनी एवढे जरी कटाक्षाने पाळले, तरी समुद्रापासून इतक्या दूर राहूनही समुद्राचे थोडे रक्षण आपल्या हातून होईल, आणि घरात आणलेला जीव उपाशी मरणार नाही.