चोरीची मोटार सापडली. घरी आणायची कोणाच्या खर्चाने?

चोरीला गेलेली मोटार सापडल्याचा पोलिसांचा दूरध्वनी आला, की मालकाचा जीव भांड्यात पडतो. मात्र पुण्यातून गेलेली मोटार राजस्थानातील एखाद्या पोलीस ठाण्याच्या आवारात उभी असेल, तर खरी दगदग तेथून सुरू होते. कारण मोटार सापडताच विम्याच्या दाव्याचे स्वरूपच बदलते.

मोटार सापडलीच नाही, तर पोलीस 'अ' समरी अहवाल, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा निष्कर्ष, न्यायालयात सादर करतात. त्या आधारे विमा कंपनी पॉलिसीत नमूद केलेले मूल्य (आयडीव्ही) चुकते करते आणि त्यानंतर मोटार मिळाली तरी तिच्यावर हक्क कंपनीचा असतो. ही रक्कम हाती पडण्यापूर्वी मोटार सापडली, तर दावा केवळ दुरुस्तीपुरता उरतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक असेल, तरच ती पूर्ण हानी मानली जाते. चार लाख आयडीव्हीच्या मोटारीवर पावणेतीन लाखांचे काम निघाले, तर मालकाला दुरुस्तीच स्वीकारावी लागते. त्यातही 'झीरो डेप्रिसिएशन'चे जादा संरक्षण नसेल, तर रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांचा निम्मा खर्च त्याच्याच खिशातून जातो. काचेला मात्र घसारा लागत नाही.

चोराने काढून नेलेली चाके वा फोडलेले कुलूप सर्व्हेअरच्या नजरेस पडते. हजारो किलोमीटर बेदरकार पळवल्याने इंजिन आणि क्लचची झालेली झीज कशी सिद्ध करायची? झीज व यांत्रिक बिघाड पॉलिसीतून वगळलेले असल्याने अशा भागांवरून वाद होतातच. मोटार आवारात महिनोन् महिने ऊनपाऊस खात राहिली असेल, तर त्या नुकसानीचीही त्यात भर पडते.

अंतराबाबत पॉलिसीची भूमिका तर आणखी कोरडी आहे. १ जुलै २००२पासून लागू झालेल्या मोटार टॅरिफमधील शब्दरचना आजही बहुतांश पॉलिसींत आढळते. तिच्यानुसार खासगी मोटार जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा आणि मालकाकडे परत पोचविण्याचा मिळून खर्च कमाल १,५०० रुपये मिळतो. जयपूर ते पुणे हे अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे. ट्रकवरून मोटार आणण्याचे भाडे या रकमेत बसणे अशक्यच. मग ती चालवत आणावी, असे अनेकांना वाटते. पण आवश्यक दुरुस्तीपूर्वी वाहन चालविल्यास वाढणाऱ्या नुकसानीची जबाबदारी पॉलिसी पूर्णपणे मालकावर टाकते. त्यामुळे मोटार हलविण्यापूर्वी कंपनीला लेखी कळवून तेथेच पाहणी करून घेणे, छायाचित्रे व पंचनाम्याची प्रत जवळ ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग. गावच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये काम करायचे असल्यास तीही संमती लेखीच हवी.

त्याआधी मोटार ताब्यात मिळायला हवी, आणि त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो. जप्त वाहने पोलीस ठाण्यात कुजत ठेवू नयेत, पंचनामा व छायाचित्रे घेऊन ती हमीपत्रावर सोडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ सालीच बजावले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ने तर मुदतीही घातल्या : मुद्देमाल न्यायालयापुढे आल्यावर १४ दिवसांत त्याचे वर्णन तयार करायचे आणि वर्णन व छायाचित्रण झाल्यावर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. तरीही कोणत्याही मोठ्या पोलीस ठाण्याच्या आवारात एक फेरी मारली, की गंजलेल्या वाहनांची रांग दिसते. परराज्यातील मालकाला तर प्रत्येक तारखेचा प्रवास, मुक्काम आणि वकिलाची फी सोसावी लागते. यांपैकी काहीही विम्यातून मिळत नाही.

किरकोळ नुकसानीसाठी दावा करण्यापूर्वी 'नो क्लेम बोनस'चा हिशेब मांडलेला बरा. सलग पाच वर्षे दावा न केल्यास ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत पोचते, आणि बोनस-संरक्षण घेतलेले नसल्यास एका दाव्याने शून्यावर येते. दुरुस्तीचा दावा कंपनीने अन्याय्यरीत्या कापला, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते असमाधानकारक असेल, तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. राज्यात मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क पडत नाही, वकीलही लागत नाही.