दिवसाची शिल्लक

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आठवडा बुधवारी संपतो. विजेचा भार निरनिराळ्या वसाहतींत निरनिराळ्या वारी विभागला जावा म्हणून ठरलेली गुरुवारची सुट्टी येथील जीवनक्रमात इतकी मुरली आहे, की बाजारहाट, देवदर्शन, मुलगी पाहायला येणारी पाहुणेमंडळी आणि मशीनची मोठी दुरुस्ती ही सारी त्याच दिवसावर लोटली जातात. परंतु कामांच्या यादीची जी अ‍ॅप्स येथील लघुउद्योजक अलीकडे मोबाइलवर उतरवून घेतात, ती सामान्यतः सोमवार ते शुक्रवार हाच कामाचा आठवडा गृहीत धरतात; गुरुवारी सकाळी कामांची आठवण करून देतात आणि ऐन कामाच्या रविवारी मौन धारण करतात. तेव्हा ज्याला या साधनाचा खरा उपयोग करून घ्यायचा आहे, त्याने प्रथम ते आपल्या वसाहतीच्या रिवाजाला जुळवून घ्यावे, आणि पुनरावृत्तीची प्रत्येक नोंद करताना वार स्वतः निवडावेत.

यादीचे महत्त्व या परिसराला नव्याने पटवून द्यावे अशी स्थिती नाही. आकुर्डी, पिंपरी आणि चाकण येथील वाहनांच्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या कोणत्याही वर्कशॉपात पाऊल टाकले, की मशीनशेजारी टांगलेली चेकशीट दृष्टीस पडते. तेलाची पातळी, हवेचा दाब, कूलंट, पहिल्या नगाची तपासणी, गेजच्या कॅलिब्रेशनची तारीख, सारे तेथे क्रमाने लिहिलेले असते आणि पाळीच्या आरंभी त्यावर सही होते. अशा यादीमागचा इतिहास गंभीर आहे. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत बोइंग कंपनीचे एक नवे बाँबफेकी विमान चाचणीच्या उड्डाणातच कोसळले, कारण सुकाणूपृष्ठांना घातलेला अटकाव उड्डाणापूर्वी काढण्याचे निष्णात वैमानिकाच्या ध्यानातून निसटले. त्या आघातातून वैमानिकांची तपासणी-यादी रूढ झाली. ज्यांच्या पित्याचे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे, त्या शल्यविशारद अतुल गवांदे यांनी हाच विचार शस्त्रक्रियागृहात नेला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी सिद्ध झालेली 19 कलमांची यादी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यूचे प्रमाण शेकडा 1.5 वरून 0.8 वर उतरल्याचे 2009 साली प्रसिद्ध झाले.

मशीनला अशी यादी मिळाली. ते मशीन ज्याच्या जिवावर चालते, त्या मनुष्याला मात्र ती मिळाली नाही, ही माझी खरी तक्रार आहे. दहा-बारा कामगारांच्या युनिटचा मालक हा एकाच देहाने खरेदीदार, कारकून, वसुली अधिकारी आणि वेळप्रसंगी ड्रायव्हरही असतो. महिन्याच्या 7 तारखेला कापलेल्या आयकराचा भरणा, 11 ला विक्रीचे जीएसटी विवरण, 15 ला भविष्यनिर्वाह निधी व राज्य विमा, 20 ला पुन्हा जीएसटी, अशा सरकारी मुदती त्याच्या मागे असतात. जॉबवर्कसाठी बाहेर दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, लघुउद्योगाचे येणे कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते व्हावयास हवे आणि तरीही त्याचा पाठपुरावा त्यालाच करावा लागतो. याखेरीज फाउंड्रीतून कास्टिंग आणणे, नापास झालेल्या लॉटचा खुलासा पाठवणे, कोणाला मुलाच्या फीसाठी उचल देण्याचे कबूल केलेले असणे. हे सर्व त्याच्या एकट्याच्या डोक्यात वसत असते, आणि तो आठ दिवस अंथरुणाला खिळला तर चांगली मशीने व चांगले कारागीर असूनही काम ठप्प होते.

अपुरे काम मन सोडीत नाही, हे निरीक्षण ब्ल्यूमा झायगार्निक या विदुषीने बर्लिनमध्ये केलेल्या प्रयोगांच्या आधारे 1927 साली मांडले होते. मासिकँपो आणि बाउमायस्टर या दोन संशोधकांनी 2011 साली त्यात महत्त्वाची भर घातली: काम पुरे झाले नसले तरी ते केव्हा, कोठे व कसे करावयाचे याचा निश्चित बेत ठरला, की त्याचा मनावरील उपद्रव शमतो. म्हणून ‘प्लेटिंगवाल्याला फोन’ एवढीच नोंद करून भागत नाही. ‘मंगळवारी दुपारी दोनला टेम्पो पाठवून बुशचा लॉट आणणे, चलन सोबत देणे’ असे लिहिले म्हणजे मन त्या कामाचा ताबा यादीकडे सोपविते. हे मराठीत लिहावे, किंवा बोलून उतरवावे. फोनला आज देवनागरी उत्तम कळते, आणि लेथवरच्या माणसालाही ती नोंद वाचता आली पाहिजे. अ‍ॅप कोणते घ्यावे याचा खल करण्यात अर्थ नाही. टुडुइस्ट 2007 पासून आहे, मायक्रोसॉफ्टचे टू डू 2017 पासून. लोकप्रिय असलेले वंडरलिस्ट मात्र 2020 मध्ये बंद करण्यात आले, यास्तव महत्त्वाच्या तारखांची एक प्रत भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरही असावी.

परंतु या साधनाचा एक दोष त्याच्या गुणातूनच उद्भवतो. नोंद करणे इतके सुलभ झाले आहे, की ती निकालात काढण्याचा शिरस्ता मागे पडला. मुदत टळलेली कामे तांबड्या अक्षरांत साठत जातात, आणि पंधरवड्यात ती यादी उघडण्याचीच मनाला धास्ती वाटू लागते. या बाबतीत आपले जुने दफ्तर अधिक शहाणे होते. ज्या पेशवे दफ्तरातील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात 45 खंडांत प्रसिद्ध केले, त्या दफ्तराच्या रोजकीर्दीत दिवसाची जमा, दिवसाचा खर्च आणि अखेरीस शिल्लक असा क्रम असे. शिल्लक काढल्यावाचून दिवस मिटत नसे. कामाच्या यादीलाही हाच दंडक लावावा. शटर ओढण्यापूर्वी उरलेल्या प्रत्येक कामाला नवी तारीख द्यावी, किंवा ते दुसऱ्याच्या जिम्मे करावे, किंवा ते होणार नाही हे कबूल करून खोडून टाकावे. यातील खोडणे सर्वांत अवघड आहे, कारण त्यात कोणाला तरी नकार कळवावा लागतो. आणि माझ्या मते यादीचे अर्धे मोल त्या नकारातच आहे, कारण न खोडलेले काम उद्याच्या खऱ्या कामाची जागा अडवून बसते.

दुसऱ्याच्या जिम्मे करण्याबद्दल मात्र निक्षून सांगितले पाहिजे. सामायिक यादीत कामगाराच्या नावापुढे एक ओळ टाकली म्हणजे काम सोपविले असे होत नाही. ते त्याच्याशी बोलून, त्याची अडचण ऐकून, त्याच्या संमतीने सोपवावे लागते. ज्या जुन्या सुपरवायझरच्या स्मरणात कोणता डाय केव्हा दुरुस्तीला जातो आणि कोणता ग्राहक महिनाअखेरीस घाई करतो हे सारे साठलेले आहे, त्याला सन्मानाने शेजारी बसवून ते आजच लिहून घ्यावे, कारण तो निवृत्त झाल्यावर ते कोठेही सापडणार नाही. आणि मालकवर्गाला माझी कळकळीची विनंती आहे, की या यादीचा फोन पाळी सुटल्यावर कामगाराच्या घरात वाजू देऊ नये. रात्री सुचलेले काम आपल्या यादीत अवश्य लिहावे, पण त्याची सूचना सकाळी द्यावी. गुरुवारी तर मुळीच देऊ नये.