आधी श्वास, मग अहवाल

सीमाभागात राहणाऱ्या आपणां मराठी माणसांना कागदपत्रांचे महत्त्व कोणी निराळे सांगावयास नको. इ. स. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यांना निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर कोरोनाचा चाचणी-अहवाल दाखवावा लागे. तेव्हापासून आपल्या मनात एक समजूत घट्ट बसली, की अहवाल म्हणजेच आजार. तो चांगला आला की माणूस निरोगी आणि आला नाही तोवर थांबावयाचे. ही समजूत किती महाग पडते, त्याविषयी आज दोन शब्द लिहीत आहोत.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ सहा-सात दिवस तापाने पडून होते. घशातील नमुना दिलेला होता. "अहवाल आला म्हणजे पाहू," असे घरची मंडळी म्हणत राहिली. आजोबा बोलत होते, चहा मागत होते. दम लागल्याची तक्रार नव्हती. अखेरीस मुलाने त्यांना कॅज्युअल्टीत नेले. बोटाला ऑक्सिमीटर लावला, तो आकडा ८२! आजोबा वाचले. त्या दिवसांत सर्वांच्याच घरी असे घडले नाही.

प्राणवायू इतका उतरूनही दम कसा लागला नाही? आपल्याला श्वासाची तळमळ होते ती मुख्यतः शरीरात साचणाऱ्या कर्बवायूमुळे. या रोगात पुष्कळदा आरंभी कर्बवायू बाहेर पडत राहतो आणि प्राणवायू मात्र कमी होत जातो. म्हणून रोग्याला धोक्याची जाणीवच होत नाही.

म्हणूनच जाणते डॉक्टर अहवालाची वाट न पाहता मिनिटभर श्वास मोजतात आणि बोटावरचा आकडा पाहतात. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांचा आधार असा होता : आकडा ९४ किंवा अधिक आणि दम नाही, तर आजार सौम्य. ९० ते ९३, अथवा मिनिटाला २४ च्या वर श्वास, तर रुग्णालयात दाखल करावे. ९० च्या खाली, अथवा ३० च्या वर श्वास, तर आजार गंभीर. या प्रतवारीवर औषधही ठरते. डेक्सामेथासोनने प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांतील मृत्यू कमी होतात. ज्यांना तो लागत नाही त्यांना लाभ होत नाही, असे जून २०२० मध्ये इंग्लंडमधील प्रयोगातून दिसून आले. घशाचा नमुना मात्र फार लवकर अथवा नीट न घेतल्यास रोग असूनही 'नाही' म्हणतो.

डॉक्टरांचा दुसरा प्रश्न असतो, "आज आजाराचा कितवा दिवस?" कारण अनेकांची प्रकृती दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास ढासळते. बेळगावचे खासदार व रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांनी ११ सप्टेंबर २०२० रोजी लागण झाल्याचे स्वतःच कळविले, प्रकृती ठीक असल्याचेही सांगितले. २३ सप्टेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले.

तिसरा प्रश्न निपाणीकरांसाठी विशेष महत्त्वाचा. तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या घरी खोकला हा नित्याचाच सोबती. तेव्हा "खोकला आहे" एवढे सांगून भागत नाही. तो नेहमीचा की नवा, कालपेक्षा वाढला काय, जिना चढताना पूर्वी न लागणारी धाप आता लागते काय, हे सांगावे लागते. आणि हे डॉक्टरांना घरच्या माणसांवाचून कोण सांगणार?

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये या रोगाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेलेला नाही. म्हणून गृहिणींना आमची विनंती, की ताप कोणत्या दिवशी आला, मधुमेह वा रक्तदाब आहे काय, औषधे कोणती चालू आहेत, हे एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. ऑक्सिमीटर लावताना बोट गार नसावे, नखाला रंग नसावा आणि आकडा स्थिरावेपर्यंत धीर धरावा. यंत्र नसेल तर घड्याळ समोर ठेवून श्वास मोजावेत. ओठ निळसर झाले, छातीत दुखू लागले किंवा माणूस बरळू लागला, तर क्षणाचाही विलंब करू नये.

नाक्यावर कागद आधी पाहतात. रुग्णाच्या खाटेपाशी माणूस आधी पाहावा.