मेंढ्या बसवताना

दिवाळी सरली की पारनेर-संगमनेरकडचे धनगरांचे वाडे माळशेज उतरून कोकणाकडे निघतात. भातकापणी झालेल्या खाचरांत रात्री मेंढ्या बसवायच्या आणि शेतकऱ्याने त्याबद्दल तांदूळ किंवा रोख द्यायची, हा व्यवहार पिढ्यानपिढ्यांचा. चराईला रान देणारा मालकच इथे पैसे मोजतो. घाटावर मात्र उलटा व्यवहारही आता सर्रास दिसतो. कोबी, फ्लॉवर, कांदा काढून झालेलं रान मेंढपाळाला उक्तं विकलं जातं, शेजारी पाणी असेल तर भाव चढतो. पैसे कुणी द्यायचे हे रीतीवर सोडण्यापेक्षा रानात चारा किती आहे आणि जमिनीला खत किती हवं आहे, यावर ठरावं असं आमचं मत आहे.

खताची बाजू शेतकरी नेहमी कमी धरतो. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. लेंडीखतात ते तीन टक्क्यांच्या आसपास. शिवाय बसवलेल्या मेंढ्यांचं मूत्र थेट जमिनीत मुरतं, जे उकिरड्यावर कधीच हाती लागत नाही. पण हे नत्र उन्हात टिकत नाही. वाडा हलल्यावर एक-दोन दिवसांत हलकी वखरपाळी घातली तर ते मातीत राहतं. चार रात्रींचे पैसे मोजून नांगरटीसाठी मेपर्यंत थांबणाऱ्याने त्यातला बराचसा अमोनिया वाऱ्यावर सोडलेला असतो. वाघर रोज पुढे सरकवून घ्यावी, हेही बोलीत असावं. नाहीतर एका कोपऱ्यात पीक माजून लोळतं आणि उरलेलं रान उपाशी. जमीन ओली असेल तर मेंढ्या बसवूच नयेत. काळ्या रानात खुरांनी दाबलेली माती पुढच्या पेरणीला त्रास देते.

विदर्भातल्या कापसाच्या रानाचा हिशेब वेगळा. शेवटची वेचणी झाली की उरलेली हिरवी बोंडं जनावरांना चारावीत, म्हणजे गुलाबी बोंडअळीचा मुक्काम मोडतो, असा सल्ला कृषितज्ज्ञ वर्षानुवर्षे देत आहेत. तिथे मेंढपाळाकडून पैसे मागणं आम्हाला पटत नाही. तो तुमचं काम करतो आहे. फरदडीचे चार पैसे मिळावेत म्हणून मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवणाऱ्यांना हे कसं पटवायचं, हा प्रश्न आहेच.

मात्र कापूस असो की भाजीपाला, फवारणी कधी झाली हे मालकालाच ठाऊक असतं. वाटसरू मेंढपाळाला ते कळायचा मार्ग नाही. डब्यावरचा प्रतीक्षा काळ काढणीसाठी असतो, तो पाळला म्हणजे पाला चरायला निर्धोक झाला असं समजू नये. काय मारलं आणि कधी मारलं, हे वाघर लागण्याआधी सांगणं ही मालकाची जबाबदारी आहे. ज्वारीच्या धसकटांना कोवळे फुटवे आले असतील तर किराळ लागण्याचा धोकाही सांगावा. जाणता धनगर तिथे मेंढ्या नेणारच नाही, पण वाड्यात नवी पोरंही असतात. मेंढपाळानेही लपवालपवी करू नये. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस कधी टोचली, कळपात कुणी आजारी आहे का, हे विचारायचा हक्क घरी शेळ्या बांधलेल्या शेतकऱ्याला आहे.

हे सगळं आज तोंडी चालतं. कागद नको म्हणण्यामागे 1948 च्या कूळ कायद्याची धास्ती आहे. जमीन दुसऱ्याला दिल्याचं लिहून ठेवलं की कूळ लागेल, असं वडीलधारे अजून बजावतात. पण चार रात्रींच्या चराईत जमिनीचा ताबा द्यायचाच नसतो. कागदावर तेच स्पष्ट लिहावं. खरी अडचण पावसाळ्यातली आहे. जून ते सप्टेंबर रानं पिकाखाली असतात, मेंढ्यांना जागा उरत नाही. महामेष योजनेत याच चार महिन्यांसाठी चराई अनुदान ठेवलं, ते योग्यच झालं. मोकळ्या पडीक जमिनी असलेल्या शेतकऱ्यांनीही या काळात भाड्याने चराई द्यायचा विचार करावा. इथे मात्र पैसे मालकाने घ्यावेत, त्यात संकोच नको.

या अंकाच्या शेवटच्या पानावर बोलीचा एक नमुना छापला आहे. मेंढ्या किती, रात्री किती, पैसे कुणी कुणाला द्यायचे, ताबा मालकाचाच, वखरपाळी कुणी करायची आणि शेवटची फवारणी कोणती व कधी, एवढ्याच ओळी त्यात आहेत. पान फाडून घ्या, दोन प्रती करा, एक वाड्यावर द्या.