एकच डबा, चार पेट्या

पावसाळा उतरणीला लागला की ताम्हिणी, वेल्हे, मुळशीकडून चिखल माखून आलेल्या थार, गुरखा आणि जुन्या जिप्सी पुण्यातल्या वॉशिंग सेंटरवर रांग लावतात. वरून पाणी मारलं की गाडी पुन्हा लखलखीत. टायर, विंच आणि टपावरच्या दिव्यांच्या पट्टीवर लाखभर रुपये सहज घालणाऱ्या मालकाला विचारा, ट्रान्सफर केसमध्ये कोणतं ऑइल आहे? “ते गॅरेजवाल्याला माहीत.” गॅरेजवाल्याकडे बहुधा एकच मोठा डबा असतो, नव्वद नंबरचा, आणि तो सगळीकडे चालतो.

माझं भांडण या डब्याशी आहे.

फोर बाय फोर गाडीत इंजिन सोडून चार ठिकाणी तेल असतं: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल. जिप्सीत तर ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेलीही नाही. छोट्या शाफ्टने जोडलेली ती स्वतंत्र पेटी आहे. चारही पेट्यांत दाते फिरतात हे खरं, पण कसे फिरतात आणि त्यांच्या सोबतीला कोणता धातू आहे, यावर तेल ठरतं.

डिफरन्शियलमधला क्राउन-पिनियन घ्या. आजच्या बहुतेक गाड्यांत तो हायपॉइड जातीचा असतो, म्हणजे पिनियन क्राउनच्या मध्यरेषेवर नसून थोडा खाली किंवा वर बसवलेला असतो. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, जबरदस्त दाबाखाली घासत सरकतात. तेलाचा थर त्या दाबात पिळून निघतो. तिथे गंधक आणि फॉस्फरसची संयुगं कामाला येतात: तापलेल्या पोलादाशी त्यांची प्रक्रिया होऊन पातळ थर बसतो, दात झिजण्याऐवजी तो थर झिजतो. जुन्या गिअर ऑइलचा नकोसा वास याच गंधकाचा. हे तेल म्हणजे जीएल-५. जीएल-४ मध्ये अशा द्रव्यांचं प्रमाण साधारण निम्मं असतं.

मग सगळीकडे जीएल-५ च का घालू नये? दुकानदारही हेच म्हणतो, “साहेब, पाच नंबर वरचा आहे, चारपेक्षा भारी.” तो आकडा परीक्षेतल्या गुणांचा नाही. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझरच्या रिंगा अनेकदा पितळेच्या असतात आणि पोलाद वाचवणारं गंधक पितळेला खातं. आता बऱ्याच जीएल-५ तेलांत हे रोखणारी द्रव्यं असतात, हे मान्य. पण दुसरी अडचण उरतेच. सिंक्रो रिंगचं कामच मुळी घर्षणाने चालतं. शेजारच्या कोनाला क्षणभर घट्ट पकडून तिने दोघांचा वेग जुळवायचा असतो. तेल अति निसरडं असेल तर पकड येत नाही आणि दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो. मालक क्लच प्लेट बदलतो. आवाज तसाच.

उलट चूकही महागात पडते. हायपॉइड डिफरन्शियलमध्ये जीएल-४ घातलं, तर घाट चढताना मागून हूंऽऽ असा सूर लागतो आणि तो क्राउन-पिनियन बदलल्याशिवाय थांबत नाही.

ट्रान्सफर केसचा घोळ आणखी वेगळा. जिप्सीसारखी दात्यांवर चालणारी केस गिअर ऑइल घेते. चेनवर चालणाऱ्या अनेक केसमध्ये मात्र लाल, पातळ एटीएफ लागतं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. नाव एक, खुराक दोन. छत्रपती संभाजीनगरात जुळणी होणाऱ्या स्कोडा कोडियाकसारख्या गाडीत तर मागच्या ॲक्सलजवळ क्लच प्लेटांचा संच असतो आणि त्याचं तेल त्याचंच. एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, असेल तर फ्रिक्शन मॉडिफायर लागू शकतो. गुरख्यासारखे चालकाने लावायचे लॉक असतील, तर तो गळ्यात मारून घेऊ नका.

आता नव्वदचा आकडा. इंजिन ऑइलचा ४० आणि गिअर ऑइलचा ९० या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. ९० नंबरचं गिअर ऑइल जाडीने ४०-५० नंबरच्या इंजिन ऑइलच्या आसपासच असतं. डब्ल्यूआधीचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यू तेलाची चाचणी उणे ४० अंशांवर होते, ८०डब्ल्यूची उणे २६ वर, ८५डब्ल्यूची उणे १२ वर. सह्याद्रीत हा फरक जाणवणार नाही. हिवाळ्यात स्पिती-लडाखला जाणाऱ्याने मात्र ८५डब्ल्यू-१४० भरून निघू नये. पहाटे गिअरची दांडी हलणार नाही.

आणि पाणी. तासभर घाटात तापलेला ॲक्सल ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे ॲक्सलची हवा आत-बाहेर जाण्याची वाट, चिखलाने बुजलेला असेल, तर पाणी ऑइल सीलमधून आत ओढलं जातं. नट उघडल्यावर तेल चहासारखं दुधाळ दिसलं, तर कितीही भारी ब्रँड असो, त्याच आठवड्यात बदला, नाहीतर बेअरिंग गंजतात. ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेणं हा माझ्या मते फोर बाय फोरवरचा सर्वांत स्वस्त आणि शहाणा खर्च. समुद्राच्या पाण्यात गेलेल्या गाडीचं तेल तर तपासतही बसू नका, सरळ बदला. कोकणच्या किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्याबद्दल मला फार सहानुभूती नाही, वेळाससारख्या कासवांच्या किनाऱ्यावर तर मुळीच नाही.

गाडीच्या पुस्तिकेत हे सगळं असतं, पण मागच्या पानांत, बारीक अक्षरात. टायरचा दाब दरवाजाच्या चौकटीवर छापता येतो, तर प्रत्येक पेटीच्या नटाशेजारी तेलाचा ग्रेड ओतीव अक्षरांत का येऊ नये? साच्यात चार अक्षरं वाढवण्याला कितीसा खर्च? तोवर पुस्तिका उघडून, एक पेंट मार्कर घेऊन आपणच गाडीखाली शिरावं आणि लिहावं. गॅरेजवाल्याला एवढंच सांगावं की खालचा नट खोलण्याआधी वरचा, तेल भरायचा नट सुटतोय का ते बघ. तो गंजून बसला असेल आणि खालून तेल वाहून गेलं असेल, तर गाडी टो करूनच न्यावी लागते.